जागच्या जागी

माणसाला कुठल्या वयात कसला नाद लागेल, काही सांगता येत नाही. पुरुषाला लागला तर त्याला छंद म्हणतात, पोराला लागला तर खूळ म्हणतात, आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईला लागला तर ‘घरात काही काम नाही वाटतं!’ असं म्हणतात. मला लागलेला नाद ऐकून तर भिशीतल्या बायकांनी हातातल्या बशा खाली ठेवल्या. कुणी विणकाम करतं, कुणी पेटी शिकतं, कुणी गच्चीवर मिरच्या-टोमॅटो लावतं. मी हेलिकॉप्टर उडवते. हसू नका हं! माणसं नेणारं नव्हे, हातातल्या रिमोटवर चालणारं. दीड हात लांबीचं, वजनाला किलोच्या आतलं. आणि गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या स्पर्धेलाही जाऊन आले. त्या पहिल्यावहिल्या स्पर्धेच्या तयारीची ही हकिगत.

आम्ही सांगलीचे. ह्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. मुलगा इंजिनिअर होऊन बंगळूरला नोकरीला लागला. घरात आम्ही तिघं : हे, मी आणि सासूबाई. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. औषधपाण्याने थोडे शब्द परत आले, पण ते पाचच. ‘पाणी’, ‘नको’, ‘ये’, ‘बाई’ आणि ‘पडलं’. एवढ्या पाच शब्दांत त्या सगळा संसार बोलतात. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पेज भरवायची, औषधं द्यायची, अंथरूण कोरडं ठेवायचं. सकाळी तासभर अंघोळ घालायला एक मावशी येतात, रविवारी त्यांची सुट्टी. तेव्हापासून माझं बाहेर पडणं म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी आणि त्याच्या पलीकडचं औषधाचं दुकान. तक्रार म्हणून हे सांगत नाही. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नकोच, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून समजायचं नाही.

मुलाने जाताना आपल्या कॉलेजातल्या हौसेचं एक खोकं माळ्यावर टाकलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली निघालं. फोनवर विचारलं तर म्हणाला, ‘‘देऊन टाक गं कुणाला तरी.’’ आणि मग हसून, ‘‘नाहीतर तूच शीक की!’’ तो चेष्टेत म्हणाला. मी मात्र ते डोक्यात ठेवलं. पुढच्या फोनला विचारलं, ‘‘शिकायचं म्हटलं तर आधी काय करायचं रे?’’ पलीकडे जरा शांतता. मग पोरगा एकदम शिक्षकच झाला!

त्याने सांगितलं, आधी हेलिकॉप्टरला हात लावायचाच नाही, संगणकावर शिकायचं. त्यासाठी एक प्रोग्राम असतो, सिम्युलेटर म्हणतात त्याला. त्याचा जुना लॅपटॉप घरी होताच. खरा रिमोट वायरने त्याला जोडायचा आणि पडद्यावरचं हेलिकॉप्टर उडवायचं. पडद्यावरचं पडलं तर खर्च नाही. एक बटण दाबलं की पुन्हा कोरं करकरीत! बायकांच्या संसारात अशी सोय दुसऱ्या कशाला नाही.

दुपारी दोन ते चार ही माझी वेळ. सासूबाईंच्या पलंगाशेजारी स्टूल घेऊन मी बसे. त्यांना झोप लागेच असं नाही, मग त्या उशीवरून पडद्याकडे बघत राहत. हेलिकॉप्टर वर जाई, एका अंगाला झुके, भिरभिरत खाली येई, आणि मागून आवाज येई, ‘‘पडलं!’’ दिवसाला चाळीस वेळा. त्यांच्या त्या पाच शब्दांपैकी एकाला इतकं काम पहिल्यांदाच मिळालं असेल. पुढेपुढे तर पडायच्या आधीच त्या ‘‘बाई, बाई, बाई...’’ म्हणून सूचना द्यायला लागल्या.

आता हे यंत्र असतं तरी कसं, ते सांगते. रिमोटवर दोन काठ्या असतात, प्रत्येक हाताला एक. डाव्या काठीने वर-खाली जायचं आणि शेपूट डावी-उजवी फिरवायची. उजव्या काठीने पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे झुकवायचं. विमान हात सोडला तरी थोडा वेळ आपल्या वाटेने सरळ जातं. हेलिकॉप्टर तसं नाही. ते एकदा उजवीकडे झुकलं की उजवीकडेच निघतं, आणि आपण उलटी काठी दिल्याशिवाय थांबत नाही. उलटी दिली की डावीकडे निघतं. परातीत गोटी ठेवून ती बरोब्बर मधोमध राखून बघा, म्हणजे कल्पना येईल. त्यामुळे पहिला धडा उडण्याचा नसतो, हवेत एका जागी उभं राहण्याचा असतो. मुलं त्याला ‘होव्हर’ म्हणतात. मला वाटलं होतं, जागच्या जागी राहणं म्हणजे सोपं, आणि इकडून तिकडे जाणं अवघड. असतं नेमकं उलटं.

आणि गंमत अशी, की बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. यंत्र हवेत खिळ्याला टांगल्यासारखं उभं असतं. बघणारा म्हणतो, ‘बरंय की, आपोआप राहतंय!’ पण उडवणाऱ्याच्या बोटांकडे बघावं. ती क्षणभर थांबलेली नसतात. इकडे केसभर, तिकडे केसभर. वाऱ्याची झुळूक येण्याआधी तिचा अंदाज घ्यायचा, यंत्र झुकण्याआधी सावरायचं. जितकं चांगलं सावराल तितकं काहीच घडलं नाही असं दिसतं. पहिल्यांदा पडद्यावर दहा सेकंद ते एका जागी राहिलं, तेव्हा मला हे अगदी ओळखीचं वाटलं. कुठली ओळख, ते मात्र लगेच ध्यानात येईना.

चार महिन्यांनी मुलाने एक पत्ता मिळवून दिला. मिरजेचे एक निवृत्त आयटीआय शिक्षक. ते आणि सात-आठ कॉलेजची मुलं दर रविवारी सकाळी तासगाव रस्त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात जमतात. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ सासूबाई झोपेत असतात आणि हे घरी असतात. तेवढे दोन तास मला मिळाले. मुलं मला पाहिल्यावर गाडीमागे कुणाचा मुलगा आहे ते शोधायला लागली! ‘‘काकू, कोण शिकणार आहे?’’ म्हटलं, ‘‘काकूच.’’

सरांनी पहिल्या दिवशी उडवू दिलं नाही. आधी ऐकवलं. ‘‘ताई, याला खेळणं म्हणू नका. हा मोठा पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो. पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. बोटाला लागलं तर बोट राहणार नाही.’’ म्हणून दहा पावलं लांब उभं राहायचं, आणि पंखा पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. ओढणी घरी ठेवायची, नाहीतर घट्ट बांधायची. मंगळसूत्र आत, वेणी वर. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. मी त्या दिवसापासून ह्यांची जुनी क्रिकेटची टोपी घालते.

सरांनीच जरा इतिहास सांगितला. खेळातली विमानं रिमोटवर आधीपासून उडत होती, पण हेलिकॉप्टर काही केल्या आवरत नव्हतं. १९७० च्या सुमारास जर्मनीतल्या डीटर श्ल्यूटर या गृहस्थांनी ते जमवून दाखवलं आणि मग त्याचे संच विक्रीला आणले. मोठ्या पंख्याला काटकोनात एक बारीक दांडी असते, तिच्या दोन्ही टोकांना चपट्या पट्ट्या. ती दांडी फिरता फिरता पंख्याला सावरून धरते. माझ्या यंत्रावर ती आहे. नव्या यंत्रांवर नसते, तिचं काम आता इलेक्ट्रॉनिक जायरो करतो. मला माझी दांडीच बरी वाटते. काय चाललंय ते निदान डोळ्यांना दिसतं.

सुरुवातीला यंत्राच्या पायांखाली दोन लांब काड्या फुलीसारख्या बांधतात, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू. पाळण्यातून उतरलेल्या पोराला पांगुळगाडा देतात, तसंच हे. जमिनीलगत यंत्र स्वतःच्याच वाऱ्यात डगमगतं, म्हणून रेंगाळायचं नाही, चटकन कमरेच्या उंचीवर न्यायचं. तिथे ते शांत होतं. आधी शेपूट आपल्याकडे ठेवून शिकायचं, मग कूस आपल्याकडे, आणि शेवटी नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे आलं की सगळं उलटं होतं. त्याचा डावा तो आपला उजवा! तिथे भलेभले चकतात. सर म्हणाले, ‘‘एकच ध्यानात ठेवा. जिकडे ते झुकेल, तिकडेच काठी न्या.’’ मला हे मुलांपेक्षा लवकर जमलं, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्यात नवल काय? समोर बसलेल्या माणसाला भरवणं, त्याचे केस विंचरणं, सदऱ्याची बटणं लावणं, हे समोरून करायचं काम बाया जन्मभर करत असतात.

असं वर्ष गेलं. मग दिवाळीनंतर सरांनी विषय काढला. डिसेंबरात पुण्याजवळ हौशी मंडळींची स्पर्धा आहे, त्यात नवशिक्यांचा वेगळा गट आहे. ‘‘ताई, नाव घालू का?’’ शनिवारी निघायचं, रविवारी स्पर्धा, रात्री परत. माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘‘नको हो सर. आईंचं कोण बघेल?’’

घरी आल्यावर ह्यांना ही गोष्ट नुसती बातमी म्हणून सांगितली. वन्सं आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, बक्षीस मिळालं तरी काय, कप ठेवायला जागा कुठंय? आणि आईला दोन दिवस टाकून जायचं म्हणजे...’’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तशी वाक्यं कुणी पुरी करत नाही. माझ्या मनात मात्र ते आठवडाभर पुरं होत राहिलं. वन्सं वाईट नाहीत. आईवर त्यांची माया आहे. पण त्या महिन्यातून एकदा दोन तास येतात, आणि दोन तास येणाऱ्या माणसाला घर एका जागी उभं दिसतं. कोण उभं ठेवतंय ते दिसत नाही.

हे तेव्हा काहीच बोलले नाहीत. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाले, ‘‘मी राहीन आईजवळ.’’

‘‘तुम्हाला जमेल?’’

‘‘आई माझी आहे ना? शिकव. तू शिकलीस तसं मीही शिकेन.’’

खरं सांगते, बायांनो, चोवीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून ‘शिकव’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला आणि नाव घातलं. हातात सहा आठवडे होते.

त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात दोन तयाऱ्या चालल्या. एक माझी, एक ह्यांची. फ्रिजच्या दारावर दोन याद्या लागल्या. माझ्या यादीत : पात्यांची जोडी तोलून बघणे, शेपटीचा पट्टा ताणून बघणे, सगळे स्क्रू, बॅटऱ्या, रिमोट चार्ज. ह्यांच्या यादीत : सात वाजता गोळी पेजेआधी, नऊ वाजता गोळी पेजेनंतर, डावीकडून उजवीकडे वळवताना उशी गुडघ्यांमध्ये, पाणी चमच्याने आणि उशाकडचा भाग उंच करूनच, टाचा आणि माकडहाड रोज बघणे.

ह्यांनी पहिल्या रविवारी एकट्याने कूस बदलली तेव्हा घामाघूम झाले. मी दाराबाहेर उभी, आत जायचं नाही असं ठरलेलं. सासूबाई ‘‘नको, नको’’ करत होत्या. मला आत धावावंसं वाटलं. मग सर आठवले. रिमोट माझ्या हातात देऊन ते पाठीमागे हात बांधून उभे राहत, यंत्र कितीही डगमगलं तरी हिसकावून घेत नसत. मीही पाठीमागे हात बांधले. तिसऱ्या रविवारी ‘‘नको’’ बंद झालं. चौथ्या रविवारी आतून हसण्याचा आवाज आला. काय झालं विचारलं तर दोघांनीही सांगितलं नाही.

बॅटऱ्यांचं मात्र या पानावर नीट सांगायला हवं, कारण अशी बॅटरी आता पुष्कळ घरांत पोरांच्या खेळण्यांतून येते. तिला लिथियम पॉलिमर म्हणतात. दिसायला चिक्कीच्या वडीसारखी, पण स्वभावाने चुलीवरच्या दुधासारखी. चार्जिंगला लावली की समोरून हलायचं नाही. माझ्या बॅटरीत तीन कप्पे असतात. प्रत्येक कप्पा भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. वापरून अगदी तळालाही न्यायचा नाही, साडेतीनच्या आसपास आला की थांबायचं. पाच मिनिटं उडवलं की मी उतरवते. वापरायची नसेल तेव्हा भरलेली ठेवायची नाही आणि रिकामीही नाही, कप्प्याला ३.८ च्या जवळ ठेवायची. तिच्यासाठीच बनवलेला चार्जर वापरायचा. फुगलेली बॅटरी पुन्हा कधी चार्ज करायची नाही. पडदे, गाद्या, गॅस यांच्यापासून लांब, फरशीवर, आगीला दाद न देणाऱ्या पिशवीत ठेवायची. नातवंडांच्या खेळण्याचा चार्जर रात्रभर लावून झोपणाऱ्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

आणखी एक विचारतील म्हणून सांगते, परवानगीचं काय? २०२१ च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमच्या वरचं आणि दोन किलोपर्यंतचं यान ‘मायक्रो’ वर्गात धरलं आहे. ते पैसे मिळवण्यासाठी नव्हे तर हौसेने उडवायचं असेल, तर त्या नियमांत वैमानिकाचा परवाना सांगितलेला नाही. पण कुठे उडवायचं याला बंधनं आहेतच. सरकारी नकाशात हिरवे, पिवळे, तांबडे भाग दाखवलेत. विमानतळाच्या आसपास किंवा तांबड्या भागात आपल्या मनाने जायचं नाही. सर नकाशा पाहिल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत. माझं हेलिकॉप्टर नारळाच्या झाडाच्या वर जात नाही, तरीही नाही.

स्पर्धेला पाच दिवस राहिले आणि संकट आलं. सकाळी यंत्र तपासताना पंख्याखालची चकती एका बाजूने हलेना. या चकतीला स्वॉशप्लेट म्हणतात. तीन छोट्या मोटरी तिला वर-खाली आणि तिरकी करतात, त्यावरच सगळं झुकणं-सावरणं चालतं. त्यांतल्या एका मोटरीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या चक्राचे दात झिजून तुटले होते. पुण्याहून नवी मोटर मागवली. कुरिअरवाले म्हणाले उद्या, मग म्हणाले परवा, मग फोन उचलेनासे झाले. गुरुवार उजाडला. हे दुकानातून आले ते एक चिमटा घेऊनच. मुलाच्या खोक्यात तसलीच एक जळलेली मोटर होती. तिची मोटर जळली तरी दात शाबूत होते. दोघी मोटरी घेऊन आम्ही ह्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तांदळाच्या कणीएवढी चक्रं एकीतून काढून दुसरीत बसवली, आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ‘‘उडलं का ते येऊन सांगा.’’ रात्री सरांनी फोनवर सांगितलं तशी चकती पुन्हा समतल करून घेतली. मी पट्टी धरली, ह्यांनी दुकानातला लहानसा लेव्हल धरला, आणि सासूबाई पलंगावरून लक्ष ठेवून होत्या. बारा वाजले झोपायला. नवी मोटर आम्ही परत आल्यावर सोमवारी पोहोचली.

शनिवारी दुपारी निघाले. सर, त्यांच्या मंडळी आणि आमच्या गटातली एकुलती एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची. निघताना सासूबाईंना सांगितलं, ‘‘आई, मी उद्या रात्री येते हं.’’ त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, ‘‘पडलं?’’ म्हटलं, ‘‘अजून नाही.’’ हे दारापर्यंत आले, पण उंबऱ्याबाहेर आले नाहीत. नाकावर चष्मा, हातात यादी.

पेठ नाक्याला गाडी महामार्गाला लागली तशी मला रडू आलं. सरांच्या मंडळींनी काही विचारलं नाही, संत्र्याच्या फोडी हातावर ठेवल्या. तीन वर्षांत मी कऱ्हाडच्या पुढे गेले नव्हते. खंबाटकी उतरून पुणं जवळ येईपर्यंत मी चार वेळा फोन हातात घेतला आणि चारही वेळा ठेवून दिला. हिसकावून घ्यायचं नाही, एवढंच मनाशी म्हणत होते.

स्पर्धेचं सगळं मोठ्या स्पर्धांच्या वळणाने होतं. एफएआय म्हणून जागतिक संस्था आहे, १९०५ सालची. हवाई खेळांचे नियम ती ठरवते. रिमोटच्या हेलिकॉप्टरचा तिचा एक वर्ग आहे, एफ-थ्री-सी नावाचा. त्याच्या जागतिक स्पर्धा १९८५ पासून होतात. तिथले खेळाडू आकाशात कोलांट्या मारतात, पण त्यांनाही एका जागी स्थिर राहूनच दाखवावं लागतं. मैदानात दहा मीटरचा चौकोन, कोपऱ्यांना निशाणं, मधोमध एक मीटरचं वर्तुळ. त्या वर्तुळातून उठायचं आणि त्याच वर्तुळात बसायचं. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण. आम्हा नवशिक्यांना त्यातलं अगदी सोपं ठेवलं होतं. उठा, डोळ्यांच्या उंचीवर स्थिर राहा, निशाणापर्यंत जा, थांबा, अर्धं वळा, परत या, बसा.

खेळाडूशेजारी एक सांगणारा उभा राहू शकतो. आता काय करायचं, कधी सुरू, कधी संपलं, हे तो मोठ्याने पुकारतो, म्हणजे उडवणाऱ्याला यंत्रावरून नजर काढावी लागत नाही. माझ्याशेजारी आमची ती मुलगी उभी राहिली. नवशिक्यांच्या गटात आम्ही अकरा जण. सर्वांत लहान बारा वर्षांचा, आणि सर्वांत मोठं कोण ते सांगायला नको. नाव पुकारलं तेव्हा बसलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, ‘‘आईला पाठवलं वाटतं!’’ मुलगी मागे वळून बघणार होती. म्हटलं, ‘‘बघू नकोस. तुझं काम पुकारायचं, माझं सावरायचं.’’

अकरा वाजले होते आणि वारा सुटला होता. पंखा फिरू लागला, यंत्र थरथरलं, आणि मी ते चटकन वर घेतलं. ‘‘स्थिर... सुरू!’’ मुलगी म्हणाली. वारा डावीकडून येत होता. बोटं आपोआप चालत होती, केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि त्या पंधरा सेकंदांत मला कळलं की पहिल्या दिवशी पडद्यासमोर हे ओळखीचं का वाटलं होतं. तीन वर्षं मी दुसरं केलंय काय? एक घर, एक आजारी माणूस, एक दुकानदार नवरा, यांना वाऱ्यात एका जागी उभं धरलंय. दिवस संपला की कुणालाच दिसत नाही काय केलं ते, कारण काहीच पडलेलं नसतं. ‘‘स्थिर... पूर्ण!’’ मुलगी ओरडली. निशाणापर्यंत गेले, थांबले, वळले. नाक माझ्याकडे आलं. जिकडे झुकेल तिकडे काठी. परत आले आणि उतरवलं. पायाची एक पट्टी वर्तुळाच्या आत, एक रेषेवर. दहापैकी सात.

अकरा जणांत पाचवी आले. पहिला नंबर चौदा वर्षांच्या एका मुलाचा, आणि तो त्याच्याच लायकीचा होता. काय हात त्याचा! मागाहून एक गृहस्थ येऊन म्हणाले, ‘‘मघाशी मी बोललो, मनावर घेऊ नका. माझी मिसेस विचारतेय, बायकांना येतं का हे शिकता?’’ त्यांच्या मिसेसशी मी पाऊण तास बोलले.

मग घरी फोन लावला. हे म्हणाले, ‘‘कितवी?’’ सांगितलं. ‘‘वा!’’ म्हणाले, आणि मग जरा थांबून, ‘‘अगं, एक गंमत सांगू? सकाळपासून मी काय केलं विचारशील तर काहीच नाही. आई होती तशी आहे. घर होतं तसं आहे. पण पाच मिनिटं बसायला मिळालं नाही बघ. हे असं कसं?’’

मी म्हटलं, ‘‘अहो, यालाच होव्हर म्हणतात.’’

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, ‘‘ये सावकाश. घाई नाही.’’

रात्री साडेअकराला पोहोचले. सासूबाई जाग्या होत्या. ‘‘पडलं?’’ त्यांनी विचारलं. म्हटलं, ‘‘नाही आई, नाही पडलं.’’ त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी घड्याळजींकडे जाऊन उडल्याची वर्दी दिली.

आता दर रविवारचा पूर्ण दिवस आईंजवळ हे असतात. यादी फ्रिजवरून केव्हाच निघाली, त्यांना पाठ आहे. वन्संनाही त्यांनी एक रविवार दिला, आणि त्या दिवसानंतर वन्सं वाक्यं पुरी करायला लागल्या आहेत. परवा म्हणाल्या, ‘‘वहिनी, तुम्ही हे रोज करता?’’ एवढंच, पण पुरं वाक्य.

मैत्रिणींनो, हेलिकॉप्टरच उडवा असं मी कुणाला सांगत नाही. ज्याचा त्याचा नाद निराळा. पण आजारी माणूस असलेल्या घरातल्या बाईला दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, आपल्याला जे काम हातोटीने येतं ते यादी करून घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवा, आणि ते शिकत असताना दाराबाहेर हात पाठीमागे बांधून उभ्या राहा. दोन, दुपारचे ते दोन तास आपले आहेत असं मनात ठरवा. पुढच्या स्पर्धेला दोन महिने आहेत. या वेळी निशाणाभोवती पूर्ण फेरी घ्यायची आहे, आणि ती अजून जमत नाही. रोज दुपारी पडद्यावर प्रयत्न चालू आहे, आणि मागून सूचना मिळत आहेतच.